'बीन अराउंड द ब्लॉक' : स्त्रीविषयी वापरल्यास अर्थ बदलतो का? अनुवादासाठी मदत हवी आहे

नमस्कार,

एका अमेरिकी कथेचा मराठी अनुवाद करताना 'बीन अराउंड द ब्लॉक' हा बोलभाषेतला वाक्प्रचार दोन ठिकाणी आला आहे. दोन्ही ठिकाणी एकच मराठी शब्दयोजना चालणार नाही असे मला वाटते. म्हणून जाणकारांचे मत हवे आहे.

मूळ अर्थाविषयी फारशी शंका नाही. चार रस्त्यांनी वेढलेला इमारतींचा चौकोन म्हणजे ब्लॉक. अमेरिकेतील अनेक शहरे काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांवर वसलेली असल्यामुळे (मॅनहॅटनचा तसा आराखडा १८११ सालचा आहे) पत्ता सांगतानाही 'तीन ब्लॉक पुढे जा' असे सहज म्हटले जाते. त्या चौकोनाला फेरी मारून आलेला, म्हणजे आसपासचे बरेवाईट पाहिलेला, आणि पुढे जगाचा अनुभव घेतलेला, असा तो अर्थ विस्तारतो. जोर देण्यासाठी शेवटी 'अ फ्यू टाइम्स' जोडतात. वस्तीत किंवा एखाद्या क्षेत्रात नव्यानेच आलेल्याला 'न्यू किड ऑन द ब्लॉक' म्हणतात, हेही या अर्थाशी जुळणारे आहे.

कथेतील पहिला प्रसंग सोपा आहे. एक तरुण दलाल वयस्क कंत्राटदाराला करारातील अटी न वाचताच सही करायला सांगतो, तेव्हा तो कागद बाजूला सारून म्हणतो, 'आय हॅव बीन अराउंड द ब्लॉक अ फ्यू टाइम्स.' इथे मी 'माझे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत' असे लिहिले आहे, आणि त्यातला ठाम इशारा मराठीत नीट उतरतो असे मला वाटते.

अडचण दुसऱ्या प्रसंगाची आहे. दोन पुरुष एका चाळिशीतल्या घटस्फोटित स्त्रीविषयी बोलत असताना त्यांतला एक म्हणतो, 'शी हॅज बीन अराउंड द ब्लॉक.' स्त्रीविषयी, विशेषतः तिच्या पाठीमागे असे म्हटले की 'तिचे अनेकांशी संबंध आले आहेत' असा हीन सूचितार्थ त्याला चिकटू शकतो, हे मला ठाऊक आहे. परंतु हाच माणूस पुढे तिच्या व्यवहारज्ञानावर विसंबून स्वतःचे दुकान तिच्या हाती सोपवतो, त्यामुळे त्याच्या तोंडी कुत्सितपणा होता असे मानणे मला कठीण जाते. लेखकाने ही संदिग्धता मुद्दाम ठेवली असावी अशी माझी समजूत आहे, आणि तसे असेल तर अनुवादात ती पुसून टाकणे हा त्या पात्रावर अन्याय होईल.

मराठीतले पर्याय मी पडताळून पाहिले. 'चार पावसाळे जास्त पाहिलेली' यात केवळ वयाचा अधिकार येतो. 'टक्केटोणपे खाल्लेली' यात सोसण्यावर भर पडतो, जो मूळ वाक्प्रचारात असेलच असे नाही. 'बारा गावचे पाणी प्यायलेली' हा मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यातही अनुभवाबरोबर बेरकीपणाची छटा आहे आणि स्त्रीविषयी म्हटले की तोही थोडा बोचरा होतो. मात्र तो बोचरेपणा इंग्रजीपेक्षा अधिक तर होत नाही ना, याची खात्री वाटत नाही.

अमेरिकी इंग्रजी रोज कानावर पडणाऱ्यांनी कृपया सांगावे की आधीचा संवाद तटस्थ असताना हे वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम कोणता अर्थ येतो, आणि 'अ फ्यू टाइम्स' जोडलेले नसल्याने काही फरक पडतो का. मराठी पर्याय सुचवताना तो दोन मित्रांच्या साध्या बोलण्यात शोभेल असा असावा, कारण ही दोन्ही पात्रे ग्रंथातली भाषा बोलणारी नाहीत.