नायिकेला शेवटी ‘कुणीतरी’ मिळायलाच हवं का? (अनुभव धागा)

रानजाई
काल मोबाईलवर अरुंधती-आशुतोषच्या लग्नाची क्लिप समोर आली आणि आत्या आठवली. ‘आई कुठे काय करते’ २०१९च्या डिसेंबरात सुरू झाली तेव्हापासून ती नेमानं बघायची. स्वतः नवऱ्याचं घर सोडून आलेली, नोकरी करून धाकट्या भावंडांना मार्गी लावलेली. अरुंधतीचा घटस्फोट झाला त्या रात्री आत्यानं टीव्हीसमोर चक्क टाळ्या वाजवल्या. पुढे लग्नाचा ट्रॅक आला तशी बघेनाशी झाली. “मिळाला हिला. आता माझं काय काम तिथे?” मला तेव्हा खडूसपणा वाटला. आशुतोष चांगलाच होता की! पण गाणं काय, स्वतःच्या पायावर उभं राहणं काय, अरुंधतीनं आधीच सगळं कमावलं होतं. तरी सूर असा, की सुख आता कुठे सुरू झालं.
तुमचे अनुभव लिहा. मालिकेतलं पात्र, घरातलं माणूस, काहीही चालेल.

टीपी_काका
टीआरपी. विषय संपला 😄

चहाबाज
मी उलट सांगते. बाबा गेल्यावर काही वर्षांनी आईनं दुसरं लग्न केलं. तेव्हा ‘अग्गंबाई सासूबाई’ जोरात होती. त्यातल्या विधवा सासूबाई आसावरी आणि अभिजीत राजेंचं लग्न आमच्याकडच्या झाडून सगळ्या बायकांनी डोळे पुसत पाहिलं. आणि आईनं विषय काढल्यावर त्यातल्याच एक काकू, “ह्या वयात कशाला गं?” म्हणून ‘रोमान्स कशाला हवा’ म्हणताना जरा जपून हं. आईला कमीपणा वगैरे काही नव्हता, शाळेत मुलं चळाचळा कापायची तिला. संध्याकाळी बोलायला कुणी नव्हतं, एवढंच. आता दोघं शब्दकोडं सोडवतात. आडवे शब्द तिचे, उभे त्यांचे. एकमेकांच्या हद्दीत घुसलं की भांडण.

रानजाई
हद्दीत 😂😂 गोड आहेत दोघं

पाटीपेन्सिल
‘जस्सी जैसी कोई नहीं’मधली जस्सी!!! २००३ची हिंदी मालिका. मला तेव्हा दातांना तारा नि जाड चष्मा, वर्गात नावच पडलं ते. पण मला चिडवल्यासारखं वाटायचंच नाही, कारण जस्सी ऑफिसात सगळ्यांत हुशार. मोना सिंगचा खरा चेहराही किती दिवस लपवून ठेवला होता चॅनेलनं. मग एके दिवशी तारा गेल्या, चष्मा गेला, केस मोकळे, आणि पुढे बॉस अरमानशी लग्न. मी आईला विचारलं, माझ्या तारा कधी निघणार? लग्नाचं सोडा, मला आधी दात सरळ हवे होते. मूळ कोलंबियाच्या मालिकेतही शेवटी बॉसशीच लग्न आहे म्हणे. जगभर एकच औषध.
कुकरच्या शिट्ट्या मोजतेय, नंतर येते

जुना_अँटेना
‘उडान’ कुणाला आठवते? १९८९, दूरदर्शन. कविता चौधरींनी स्वतः लिहिली, दिग्दर्शित केली, कामही केलं. गोष्ट त्यांच्या बहिणीची, कांचन चौधरी भट्टाचार्य, ज्या २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. शेखर कपूर होता त्यात, थोडंसं काहीतरी सुचवलेलंही होतं. पण आमच्या घरात ‘ह्यांचं जमणार का’ असं कुणी विचारल्याचं आठवत नाही. नायिका कल्याणीला पोलिसाची वर्दी मिळते का, ह्यावरच सगळ्यांचा जीव टांगलेला. ताईनं तर तिच्यासारखं ताठ चालायची प्रॅक्टिस सुरू केली. पोलिसात नाही गेली, बँकेत गेली. चालते अजून तशीच, गिऱ्हाईक घाबरतं.

टीपी_काका
कुठली बँक ते सांगून ठेवा, लांब राहीन

एकटा_जीव
बायकांचंच का बोलता? माझा घटस्फोट झाला तेव्हा प्रत्येक मित्राचा एकच उपाय, “दुसरी बघ.” मी स्वयंपाक शिकलो, वजन उतरवलं, रात्री झोप लागायला लागली, ह्याची दखल शून्य. एका मुलीबरोबर कॉफी प्यायलो तर ग्रुपवर पेढे मागितले. मालिकांतून तेच डोक्यात बसतं, माणूस एकटा हसताना दाखवतच नाहीत. दाखवला तरी पुढच्या सीनला फोटोसमोर उभा.

चहाबाज
फोटोसमोर 🙏 अगदी खरं. आता बरे आहात ना?

एकटा_जीव
मस्त. पोळ्या गोल होत नाहीत, बाकी सगळं ठीक.

ठाम_मत
रानजाई, आत्यांशी अर्धी सहमत. लग्न खटकलं नाही. खटकलं ते हे, की दुसरं लग्न होऊनही अरुंधती सतत ‘समृद्धी’तल्या, म्हणजे पहिल्या सासरच्या, भानगडी निस्तरत होती. पहिला नवरा अनिरुद्ध, मुलं, सासू कांचनआई, सगळ्यांचं हिनंच बघायचं. आशुतोष बिचारा बाजूला उभा. बरं, त्यालाही शेवटी मारलाच. म्हणजे स्वाभिमानासाठी प्रेम लागतं असंही धड दाखवलं नाही. दोन्हीकडून गेलं.

रानजाई
हे आत्याला पटेल. वाचून दाखवते.

पाटीपेन्सिल
आले. चहाबाज, आईंना विचारा ना, उभा शब्द, तीन अक्षरी, ‘चंद्र’. शशांक बसत नाही, मधलं अक्षर ‘यं’ आहे.

चहाबाज
उभे काकांचे. ते म्हणतात मयंक. आई म्हणतेय, मला आधीच येत होतं.