वाळवंटातला पाऊस आणि टोळधाड

‘पाऊस वाढला तर थरचं वाळवंट हिरवंच होईल, त्यात वाईट काय?’ असं काही जण विचारतात, पण हा मुद्दा मला पटत नाही. वाळवंटात पाऊस किती पडला यापेक्षा कधी पडला हे जास्त महत्त्वाचं. २०१८ मध्ये मे महिन्यात मेकुनू आणि ऑक्टोबरमध्ये लुबान अशी दोन चक्रीवादळं अरबस्तानातल्या रब अल खाली वाळवंटापर्यंत पोचली. वाळूच्या टेकड्यांमध्ये चक्क तळी साचली. टोळाची मादी पोटाचं टोक ओल्या वाळूत बोटभर खोल खुपसून अंडी घालते. कोरड्या वाळूत अंडी जगत नाहीत. एरवी ओल लवकर आटते आणि टोळांची संख्या आटोक्यात राहते. तेव्हा मात्र दुसऱ्या वादळाने पुन्हा ओल आणली आणि नऊ महिन्यांत टोळांच्या तीन पिढ्या झाल्या.

त्यात २०१९ चा मॉन्सून राजस्थानात नेहमीपेक्षा जास्त दिवस रेंगाळला, थरमध्येही टोळांची पैदास झाली. मे २०२० मध्ये टोळधाड थेट अमरावती-नागपुरात! काटोलकडे संत्र्याच्या बागा वाचवायला शेतकरी थाळ्या, डबे बडवत होते. फवारणी करावीच लागते, पण त्या विषाने बाकीचे किडेही मरतात आणि किड्यांवर जगणाऱ्या पक्ष्यांचे हाल होतात, याची मला जास्त काळजी वाटते. अरबी समुद्र तापतोय, त्यातली चक्रीवादळं वाढताहेत. थरबद्दल बोलताना ही वादळं जिथे धडकू शकतात त्या ओमानच्या किनाऱ्याकडेही बघायला हवं.