मदत हवी आहे: रेसमध्ये ब्रेक पेडल खाली जातंय

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात पुण्याहून गाडी ट्रेलरवर टाकून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर रेसला जातोय. 3.7 किलोमीटरचा लॅप, त्यात तिथला उकाडा. मागच्या खेपेला शनिवारचं क्वालिफाइंग (रेसमधला सुरुवातीचा क्रम ठरवणारी फेरी) झकास झालं, पण रविवारी दुपारच्या रेसमध्ये चार-पाच लॅपनंतर पेडल स्पंजसारखं मऊ पडलं. रेसनंतर पाहिलं तर पुढच्या ब्रेक पॅडच्या कडा पांढऱ्या पडलेल्या. डॉट 4 ब्रेक ऑइल नवंच होतं, ब्लीडिंगही (लाइनमधली हवा काढणं) नीट केलेलं. त्याचा उकळबिंदू किमान 230 अंश, डॉट 5.1 चा 260. तेवढ्या फरकाने भागेल का? की आधी रेसिंग पॅड घ्यावेत? बंपरमधून ब्रेक डिस्कवर हवा सोडणारे पाइप कोणी बसवलेत का, आणि स्क्रुटिनीला (रेसआधीच्या गाडीच्या तपासणीला) चालतात का? अनुभवी लोकांनी कृपया सांगा, या वेळी रेस पुरी करायचीच आहे.