‘जिंग’ म्हणजे नुसता धागा नव्हे

‘सूत्र म्हणजे धागा, चिनी जिंग म्हणजेही धागा, म्हणून बौद्ध सूत्रांना जिंग म्हटलं’ असं म्हणतात, ते अर्धंच बरोबर. जिंग हा कुठलाही धागा नाही, मागावरचा ताणा, म्हणजे उभा धागा आहे. आडवा बाणा तो ‘वेइ’. ‘जिंग’च्या अक्षरात (經) डावीकडे रेशमाची खूण. उजवीकडे वर तीन नागमोडी रेघा, खाली आडव्या-उभ्या काड्या. चिनी कोशकार शू शेनच्या कोशात (इ.स. १००च्या सुमारास) हा उजवा भाग म्हणजे जमिनीखालचा झरा, आजचे बरेच अभ्यासक मात्र त्यात मागावर ताणलेले धागेच बघतात. मलाही तेच पटतं, रेघा बघितल्या की माग दिसतोच!

ताणा आधी लागतो आणि जागचा हलत नाही, त्यावरून नियम, मग प्रमाणग्रंथ. चीनच्या हान घराण्यातल्या सम्राट वू याने इ.स.पू. १३६ मध्ये ‘पाच जिंग’ (कन्फ्यूशियसच्या परंपरेतले पाच प्रमाणग्रंथ) शिकवायला पंडित नेमले, म्हणजे बौद्ध धर्म तिथे पोचण्याआधीच. भाषांतरकारांनी सूत्राला तयार मानाचा शब्द दिला. धागा जुळला हा बोनस. (‘सूत्र’ शब्दाचं ‘शिउदुओलुओ’ असं नुसतं उच्चारानुसारी चिनी रूपही होतं.)

गंमत म्हणजे आजही चिनीत रेखांश ‘जिंग’ आणि अक्षांश ‘वेइ’. पृथ्वीच मागावर चढवलीय.