आईला हिपॅटायटिस बी असेल, तर बाळाला होणारा संसर्ग कसा टाळावा?

प्रश्न

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीला चौदावा आठवडा चालू आहे. पहिल्या तपासणीत तिच्या एचआयव्ही आणि सिफिलिसच्या चाचण्या निगेटिव्ह आल्या, हिपॅटायटिस बीची मात्र पॉझिटिव्ह आली. तिला कधी कावीळ झाल्याचे आठवत नाही आणि आजही कसला त्रास नाही. घरातील काही वडीलधारी मंडळी सिझेरियनच करावे, बाळाला अंगावर पाजू नये, असे सुचवू लागली आहेत, त्यामुळे ती फार खचली आहे. हा आजार बाळाला पोटातच होतो का, तो अडवता येतो का आणि एचआयव्हीबाबत घेतात तीच काळजी येथेही घ्यायची असते का, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

प्रतिसाद १ (प्रसूतितज्ज्ञ)

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बहुतेक गैरसमज तेथूनच निघतात. आईकडून बाळाला जाणारे सगळे आजार एकाच वेळी आणि एकाच वाटेने जात नाहीत, आणि उपाय कधी करायचा हे त्या वाटेवरूनच ठरते. सिफिलिसचे जंतू वारेतून पोटातल्या बाळापर्यंत पोहोचतात, म्हणून आईला गरोदरपणातच बेन्झाथिन पेनिसिलिन द्यावे लागते आणि ते प्रसूतीच्या किमान चार आठवडे आधी सुरू झाले असेल, तरच उपचार पुरेसा मानला जातो. एचआयव्ही गरोदरपणात, प्रसूतीत आणि स्तनपानातून, अशा तिन्ही टप्प्यांवर जाऊ शकतो. काहीच उपाय न केल्यास १५ ते ४५ टक्के बाळांना त्याची लागण होते. १९९४ साली झिडोव्हुडिन या एकाच औषधाच्या चाचणीत हे प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आले होते. आज आईने औषधे नियमित घेऊन रक्तातील विषाणू पूर्ण आटोक्यात ठेवले, तर ते १ टक्क्याच्याही खाली जाते.

हिपॅटायटिस बीचा विषाणू गर्भाशयात असताना बाळापर्यंत क्वचितच पोहोचतो. बाळाचा आईच्या रक्ताशी आणि स्रावांशी संबंध येतो तो प्रामुख्याने जन्माच्या वेळी, आणि तुमच्या बहिणीसाठी सर्वांत आशादायक गोष्ट हीच आहे, कारण जन्मानंतर लगेच दिलेली लसही संसर्ग अडवू शकते. मात्र आजार सौम्य समजून सोडून देऊ नये. आईच्या रक्तात ई अँटिजेन (विषाणू जोमाने वाढत असल्याची खूण असलेले त्याचे प्रथिन) असेल आणि काहीच उपाय केला नाही, तर ७० ते ९० टक्के बाळांना लागण होते. प्रौढपणी संसर्ग झालेल्या शंभरांपैकी पाचांहूनही कमी जणांत हा विषाणू कायम राहतो, पण जन्माच्या वेळी लागण झालेल्या दहापैकी नऊ बाळांत तो आयुष्यभर राहतो आणि त्यातून पुढे सिऱ्हॉसिस (यकृत निबर होऊन निकामी होत जाणे) किंवा यकृताचा कर्करोग होऊ शकतो.

बहिणीने आता ई अँटिजेन, यकृताच्या चाचण्या आणि रक्तातील विषाणूंचे प्रमाण तपासून घ्यावे. हे प्रमाण एका मिलिलिटरमागे २,००,००० आंतरराष्ट्रीय एककांहून अधिक असेल, तर साधारण २८व्या आठवड्यापासून टेनोफोविर हे विषाणूरोधक औषध सुरू करतात, म्हणजे प्रसूतीपर्यंत विषाणू खाली येतात. केवळ हिपॅटायटिस बी आहे म्हणून सिझेरियन करण्याचे कारण नाही.

प्रतिसाद २ (प्रसूतिकक्षातील परिचारिका)

डॉक्टरांनी सांगितलेल्या उपायांत वेळेला किती महत्त्व आहे, ते मला आग्रहाने सांगावेसे वाटते. लसीचा पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत मिळालाच पाहिजे, आणि आई पॉझिटिव्ह असताना तो हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिनबरोबर (या विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडे असलेल्या इंजेक्शनबरोबर) १२ तासांच्या आत, दोन वेगवेगळ्या मांड्यांत देणे उत्तम. इम्युनोग्लोब्युलिन प्रत्येक रुग्णालयात तयार असेलच असे नाही, आणि कळा रात्री-अपरात्री किंवा सुट्टीच्या दिवशीही सुरू होऊ शकतात. म्हणून नवव्या महिन्यापूर्वीच रुग्णालयात त्याची चौकशी करून ठेवावी, रिपोर्टची प्रत फाइलच्या वरच लावावी आणि दाखल होताना ही गोष्ट स्वतःहून सांगावी. हे सांगताना संकोच वाटतो हे मी अनेक मातांच्या बाबतीत पाहिले आहे, परंतु आईने कोणतीही चूक केलेली नसते. अनेकींना हा संसर्ग त्यांच्या स्वतःच्या जन्माच्या वेळीच झालेला असतो.

बाळ दोन किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मले, तरी पहिला डोस थांबवत नाहीत. तो मोजणीत न धरता पुढे आणखी तीन डोस देतात.

प्रश्नकर्ती

आपणा दोघींचे मनःपूर्वक आभार. विषाणूंचे प्रमाण तपासायला उद्याच रक्त देणार आहोत. तरी स्तनपानाचे काय, तिच्या यजमानांचीही तपासणी करावी का, आणि बाळ सुरक्षित आहे हे नक्की कधी कळते?

प्रतिसाद ३ (बालरोगतज्ज्ञ)

बाळाला लस आणि इम्युनोग्लोब्युलिन मिळाले असेल, तर बहिणीने निःशंकपणे अंगावर पाजावे; स्तनाग्रांना चिरा पडून रक्त येत असेल, तेवढ्यापुरती त्या बाजूने काळजी घ्यावी. यजमानांची आणि घरातील इतरांची तपासणी अवश्य करावी, आणि ज्यांना संसर्ग नाही व प्रतिकारशक्तीही नाही, त्यांनी लस घ्यावी. एकत्र जेवल्याने किंवा बाळाला कुशीत घेतल्याने हा आजार पसरत नाही, हे त्या वडीलधाऱ्या मंडळींना कोणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवे. दाढीचे पाते आणि दात घासायचा ब्रश मात्र प्रत्येकाचा वेगळा असावा.

बाळाची तपासणी घाईने करू नये. लस दिल्यानंतर काही दिवस चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि इम्युनोग्लोब्युलिनमधील प्रतिपिंडे काही महिने रक्तात राहत असल्यामुळे लसीचा परिणाम झाला की नाही, हे तेव्हा ओळखता येत नाही. सर्व डोस वेळेवर पूर्ण करून बाळ ९ ते १२ महिन्यांचे झाल्यावर विषाणूच्या पृष्ठभागावरील अँटिजेन आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडे, अशा दोन्ही चाचण्या कराव्यात. अँटिजेन निगेटिव्ह आणि प्रतिपिंडांचे प्रमाण एका मिलिलिटरमागे १० मिली-एकके किंवा अधिक आले, तर बाळाला संसर्ग झालेला नाही आणि त्याला संरक्षणही मिळालेले आहे, असे समजावे. प्रतिपिंडे कमी आली, तर लस पुन्हा देता येते. बाळाच्या तपासणीच्या धावपळीत आईचा पाठपुरावा सुटू नये, कारण टेनोफोविर घेतले असल्यास ते थांबवल्यानंतर तिच्या यकृताला सूज येऊ शकते आणि तिच्या चाचण्या प्रसूतीनंतरही काही महिने चालू ठेवाव्या लागतात.