कोलायटिस: डाएटवर गोळ्या सुटल्यात का कुणाच्या?

निशाचर:
6 वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे (मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा), मेसालामाइन म्हणजे सुजेची गोळी रोज, मध्ये दोनदा स्टिरॉइड झालं आणि तोंडाचा पार भोपळा. गेल्या महिन्यात परत फ्लेअर म्हणजे आजार उसळला, दिवसात 8 वेळा संडास, कुठेही जायचं तर आधी तिथलं टॉयलेट कुठेय ते बघायचं. मग स्पेसिफिक कार्बोहायड्रेट डाएट सुरू केलं म्हणजे धान्य बंद, साखर बंद, दूध बंद. 3 आठवड्यात गॅस गेला, फेऱ्या 5 वर आल्या, रक्त थोडं आहे अजून. आता वाटतंय गोळ्या बंद करून बघाव्यात. कुणी केलंय?

जुना_भिडू:
हा शहाणपणा मी करून बसलोय. चार महिने मस्त गेले आणि मग थेट ॲडमिट, परत स्टिरॉइड. गॅस कमी झाला म्हणजे आतली सूज गेली असं नसतं रे, मला तेच कळलं नव्हतं. शौचाची कॅलप्रोटेक्टिन टेस्ट कर, आतली सूज त्यात कळते, दर वेळी कोलोनोस्कोपी नको. बाकी डाएट चालू ठेव की, कोण नको म्हणतंय.

तिची_आई:
लेकीला क्रोन्स आहे, हाही आतड्याच्या सुजेचाच पण वेगळा आजार. तिला स्टिरॉइडऐवजी 8 आठवडे नुसतं लिक्विड फीड दिलं होतं डॉक्टरांनी, घरात स्वयंपाकाचा वास आला की रडायची, पण सूज उतरली. मुलांच्या क्रोन्समध्ये ही नेहमीची ट्रीटमेंट आहे, कोलायटिसला मात्र तिचा तसा उपयोग नाही, त्यामुळे कुणाचं डाएट ऐकताना आधी त्याला आजार कुठला ते विचारा. आणि तुमच्या डाएटची 2021 मध्ये एक ट्रायल आली होती, तीही क्रोन्सचीच, 194 पेशंट. एका गटाला हे आणि दुसऱ्याला मेडिटेरेनियन डाएट (भाज्या, फळं, धान्य, मासे, ऑलिव्ह तेल), 6 आठवड्यांनी दोन्हीकडे बरं वाटणारे सारखेच, साधारण 45 टक्के. मग एवढं सगळं बंद करून हाल कशाला?

निशाचर:
पटतंय. टेस्ट उद्याच देतो, गोळ्या चालू ठेवतो. वजन 4 किलो उतरलंय हे लिहायचं राहिलंच.

जुना_भिडू:
अरे मग हे आधी सांगायचं ना! रक्त पडतंय आणि वर वजन उतरतंय, टेस्टच्या रिपोर्टची वाट बघत बसू नकोस, आजच डॉक्टरांना फोन कर. ताप आला किंवा फेऱ्या परत 6 च्या वर गेल्या तर सरळ हॉस्पिटल.