पुडा हलका झाला, कंपनी हलली का?

बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणीकडच्या मंडळींनी घरचे अनुभव लिहा. सुरुवात मी करतो. पाच रुपयांचा बिस्किटपुडा. किंमत तीच, ग्रॅम घटत चाललेले. आईच्या ध्यानात आलं ते नातवंडांना वाटून तिला एकही उरलं नाही तेव्हा. पुड्यावरच्या नंबरला फोन लावला. ‘आपला अभिप्राय नोंदवला आहे.’ झालं! आईनं पुडा बंद करून गल्लीतल्या बेकरीचे टोस्ट धरले. कंपनीला काय त्याचं?

शहापूरचा दुकानदार: असतं की ओ. फक्त ते फोनवर कळत नाही, आमच्या फळीवर कळतं. एका साबणाचा वास बदलला. बायका वड्या परत आणून गल्ल्यावर ठेवायला लागल्या. मंगळवारी सेल्समन आला. म्हटलं, “हे घेऊन जावा, उठंना झालंय.” तीन आठवडे ऑर्डर दिली नाही. आधी एकावर एक फुकटची स्कीम आली. स्कीम आली की समजायचं, माल अडकलाय. तरी खपेना. काही महिन्यांनी वेष्टनावर ‘नवा, सुधारित’ आणि आत वास जुनाच! एकट्या शहापुरानं हे केलं नसणार, गावोगावच्या फळ्यांवर तेच झालं असणार.

निपाणीची मावशी: माझ्या मसाल्याच्या पाकिटात अळी निघाली. दुकानदार हात वर करून मोकळा. भाच्यानं ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर दिला. मराठीत बोलता आलं, नाहीतर कन्नडात सांगताना निम्मं विसरले असते. थोड्या दिवसांनी कंपनीकडून खोकं आलं. उघडते तर त्याच मसाल्याची दहा पाकिटं.

अथणीकर: आमच्याकडे उलटं घडलं. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या महागड्या इटालियन कंपनीनं आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, कोल्हापुरीचं नावसुद्धा न घेता. 2019 च्या जीआय नोंदणीत, म्हणजे माल मूळचा कुठला त्याच्या सरकारी नोंदणीत, बेळगाव जिल्हाही आहे, म्हणून इथंही लोक भडकले. कंपनीला प्रेरणा कुठली ते कबूल करावं लागलं, डिसेंबरात महाराष्ट्राचं लिडकॉम आणि आपल्या कर्नाटकाचं लिडकर या सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. ओरडणाऱ्यांपैकी प्राडाचं गिऱ्हाईक किती होतं? माझ्या ओळखीत एकही नाही. आणि लग्नाला रेक्झिनची चप्पल स्वस्त पडते म्हणून घेणारे मात्र आम्हीच.

खानापूरकर: मावशी, त्या दहा पाकिटांचं काय केलंत?

निपाणीची मावशी: वापरली. चाळून.